देव एकच असेल, पण उपासना एक नाही

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या व्हीटन कॉलेजच्या लॅरिशिया हॉकिन्स या प्रोफेसरबाईंनी फेसबुकवर एक पोस्ट टाकली. बाई स्वतः ख्रिश्चन, कॉलेज इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा शब्द अखेरचा मानणाऱ्या प्रोटेस्टंटांचं, तिथे नोकरी करायची तर श्रद्धेच्या निवेदनावर सही करावी लागते. ख्रिसमसच्या आधीचे काही आठवडे मुस्लिम बायकांना पाठिंबा म्हणून आपण हिजाब घालणार असं त्यांनी लिहिलं, आणि पोप फ्रान्सिसचा हवाला देऊन पुढे लिहिलं की आम्ही ख्रिश्चन आणि मुसलमान एकाच देवाची उपासना करतो. कॉलेजचं म्हणणं होतं की हिजाबाला आमची हरकत नाही, हरकत या वाक्याला आहे. बाईंना रजेवर पाठवलं, काढून टाकायची प्रक्रिया सुरू झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दोन्ही बाजूंनी समझोता करून वेगळं व्हायचं ठरवलं.

तेव्हापासून हा प्रश्न अधूनमधून वर येतो आणि दर वेळी त्याच दोन टोळ्या समोरासमोर उभ्या राहतात. पहिली म्हणते, अहो देव एकच, नावं वेगळी, भांडताय कशाला. दुसरी म्हणते, छे, ज्याला पुत्र आहे तो देव आणि ज्याला पुत्र असूच शकत नाही तो देव एक कसा असेल, विषय संपला. मला दोन्हींचा कंटाळा आलाय, कारण पहिल्या टोळीला उपासना म्हणजे काय यात काडीचा इंटरेस्ट नाही आणि दुसरीला लॉजिकमध्ये. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोघं ज्याला उद्देशून उपासना करतात तो एकच आहे असं मानायला भक्कम कारणं आहेत. पण दोघं जे करतात ते एक नाही, आणि हा फरक गुडघे टेकायचे की कपाळ टेकायचं एवढ्यापुरता नाही, उपासना नक्की कोण करतं आणि ती कशाच्या जोरावर देवापर्यंत पोचते इथेच गाडं वेगळ्या रस्त्याला लागतं. आणि तिसरी गोष्ट, जी दोन्ही टोळ्यांना आवडत नाही: 'देव एकच' हे वाक्य खरं असलं तरी लोक त्याच्याकडून जेवढं काम करून घेऊ बघतात तेवढं काम ते करू शकत नाही.

आधी 'देव वेगळे' म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मजबूत पॉइंट घेऊ, कारण तो खरंच मजबूत आहे आणि गोडीगोडीने बोलणारे लोक त्याला नेहमी बगल देतात. ख्रिस्ती माणसाच्या देवात त्रैक्य हे वरून लावलेलं तोरण नाहीये. पिता, पुत्र, पवित्र आत्मा हीच देवाची ओळख, बाप्तिस्मा त्याच नावाने होतो. आणि येशूची उपासना ही नंतर कुणी घुसडलेली भानगड आहे असंही म्हणता येत नाही, कारण सुमारे ११२ साली प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर सम्राट ट्राजनला रिपोर्ट पाठवतो त्यातच लिहितो की ही माणसं ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रं गातात. दुसरीकडे कुराण याच गोष्टीला नाव घेऊन नकार देतं. सूरा ११२ मध्ये, तो कुणाला जन्म देत नाही आणि त्याला कुणी जन्म दिला नाही. सूरा ५, आयत ७२ मध्ये, मरियमचा मुलगा मसीह हाच अल्लाह आहे असं म्हणणारे काफिर ठरतात. आणि ख्रिस्ती बाजूला योहानाच्या पहिल्या पत्रात (२:२३) तितकंच कडक वाक्य आहे, जो पुत्राला नाकारतो त्याच्याकडे पिताही नाही. आता दोन्हींकडचे ग्रंथ एवढं स्पष्ट बोलत असताना बाहेरच्या कुणी येऊन 'तुम्ही दोघं खरं तर एकच म्हणताय' असं सांगणं म्हणजे दोघांनाही आपापलं म्हणणं कळत नाही असं सांगण्यासारखं आहे. हा उद्धटपणाच झाला, फक्त हसतमुख उद्धटपणा.

हे सगळं मान्य. पण यातून 'दोन देव' कसे निघतात? टॉलेमी म्हणाला सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, कोपर्निकस म्हणाला फिरत नाही. दोघांपैकी एक साफ चूक होता, आणि चूक किरकोळ नव्हती, अख्ख्या विश्वाची रचनाच उलटी होती. म्हणून दोघांचे सूर्य दोन होते का? दोन असते तर भांडणच झालं नसतं, तुझा फिरतो माझा फिरत नाही, चला आपापल्या घरी. मतभेद व्हायला विषय एक असावा लागतो. मुसलमान जेव्हा ख्रिश्चनाला म्हणतो की देवाला पुत्र नाही, तेव्हा तो तुझ्या त्या दुसऱ्या कुठल्या देवाला पुत्र नाही असं म्हणत नसतो, तू ज्याच्याबद्दल बोलतोयस त्याच्याबद्दल तू चुकीचं बोलतोयस असं म्हणत असतो. 'देव वेगळे' हे म्हणणं खरं धरलं तर शिर्कचा (देवाच्या बरोबरीने दुसऱ्या कुणाला बसवल्याचा) आरोपच पोकळ होतो आणि येशूला नाकारल्याचा आरोपही.

यावर हुशार माणूस म्हणेल, ठीक आहे, पण चूक इतकी मोठी असू शकते की बोलणारा मुळात त्या वस्तूबद्दल बोलतच नाही. असू शकते. एखादा म्हणाला सूर्य म्हणजे माझ्या टेबलावरचा दिवा तर तो सूर्याबद्दल बोलत नाहीये. पण इथे सामाईक काय काय आहे ते बघा. एकच, कुणी न निर्मिलेला, शून्यातून आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा, अब्राहामाला हाक मारणारा, मोशेला फारोकडे पाठवणारा, शेवटच्या दिवशी न्याय करणारा. ही काही ढोबळ समानता नाही, वर्णन इतकं नेमकं आहे की त्यात बसणारे दोन असूच शकत नाहीत. सगळ्याचा निर्माता एकच असू शकतो, दोन निर्माते म्हटलं की दोघंही या व्याख्येबाहेर.

आणि ख्रिस्ती लोकांसाठी तर या प्रश्नाचा निकाल एका अर्थाने दुसऱ्या शतकातच लागलाय. मार्कियन नावाचा एक श्रीमंत ख्रिस्ती रोममध्ये आला आणि त्याने शिकवायला सुरुवात केली की जुन्या करारातला, ज्यूंचा, जग निर्माण करणारा देव हा एक कडक, खालच्या दर्जाचा देव आणि येशूचा पिता हा दुसरा, त्याहून वरचा. रोमच्या मंडळीने १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढलं. म्हणजे ज्यू त्रैक्य मानत नाहीत, येशूला मसीहा मानत नाहीत, तरी त्यांचा देव तोच आपला देव असं चर्चने ठासून सांगितलं, आणि उलटं म्हणणाऱ्याला पाखंडी ठरवलं. मग त्रैक्य न मानणं एवढ्यावरून मुसलमानाचा देव वेगळा कसा होतो? व्हीटनच्या बाजूने बोलणाऱ्यांचं यावर उत्तर असतं की ज्यूंचं नातं वेगळं, ख्रिस्ती धर्म त्यांच्याच ग्रंथातून निघाला, इस्लाम मात्र नंतर येऊन समजून उमजून नाकारतो. फरक आहे, खोटं नाही. पण तो फरक दोष किती याचा आहे, देव कोण याचा नाही. नकार आधीचा असो की नंतरचा, नाकारणारा कुणाबद्दल बोलतोय ते त्याने बदलत नाही. शिवाय ज्यू धर्म काही पहिल्या शतकात थांबलेला नाही, त्यांच्या पुढच्या आचार्यांनीही येशूबद्दलचा दावा समजून उमजूनच नाकारलाय.

इतिहासात हा प्रश्न हाताळणारी माणसं आजच्या टोळ्यांपेक्षा जास्त सावध होती, आणि ती काही मुसलमानांची मित्रबित्र नव्हती. आठव्या शतकातला दमास्कसचा योहान, उमय्यद खलिफांच्या राज्यात वाढलेला, त्याच्या घराण्याने खलिफांच्या दरबारात नोकरी केलेली. त्याने इस्लामवर सडकून लिहिलंय, पण टाकलंय कुठे तर पाखंडांच्या यादीत, म्हणजे चुकलेल्या शिकवणुकींमध्ये. १०७६ मध्ये पोप सातव्या ग्रेगरीने आजच्या अल्जीरियातल्या अन-नासिर या मुस्लिम राजाला पत्र लिहिलं, त्यात आपण दोघं एकाच देवाला मानतो, जरी वेगळ्या रीतीने, असं म्हटलंय. हाच पोप पूर्वेकडे मुसलमानांविरुद्ध सैन्य पाठवायच्या गोष्टी करत होता, तेव्हा हे भाबडेपणातून आलं असं म्हणायची सोय नाही.

त्याहून मजेदार प्रकार ११८० चा. बायझंटाइन साम्राज्यात मुसलमान माणूस ख्रिस्ती व्हायला आला की त्याच्याकडून एक शपथ वदवून घेत, त्यात इतर गोष्टींबरोबर 'मुहम्मदाच्या देवाला' शाप द्यावा लागे. सम्राट मॅन्युएल कोम्नेनसने हे काढून टाका असा हुकूम सोडला, कारण येणारी माणसं देवाला शाप द्यायला कचरतात आणि त्याच्या मते ते कचरणं बरोबरच होतं. बिशप लोक भडकले. खूप ताणाताणी झाली, सम्राट आजारी, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो गेलाच, पण त्याआधी तडजोड झाली: शाप देवाला नाही, मुहम्मद आणि त्याच्या शिकवणुकीला. आजच्या कानांना हे काही फार उदार वाटणार नाही. पण त्या तडजोडीतला विचार नीट बघा, भांडण कुठे आहे आणि कुठे नाही हे त्यांना आजच्या फेसबुकवाल्यांपेक्षा नीट कळलं होतं. आणि मार्टिन ल्यूथर! १५२९ मध्ये, ज्या वर्षी ऑटोमन फौजा व्हिएन्नाच्या वेशीवर पोचल्या त्याच वर्षी, त्याने आपल्या 'मोठी प्रश्नोत्तरी' या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात लिहिलंय की तुर्क वगैरे लोक एका खऱ्या देवालाच मानत आणि भजत असले तरी त्या देवाचं मन त्यांच्याकडे कसं आहे हे त्यांना माहीत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुढे यावर परत येणार आहे, कारण माझ्या मते खरी मेख इथे आहे.

कुराणाची बाजू तर सरळच आहे. सूरा २९, आयत ४६: ग्रंथधारकांशी (म्हणजे ज्यू आणि ख्रिश्चनांशी) वाद घालायचा तर चांगल्या रीतीने घाला, आणि त्यांना सांगा आमचा देव आणि तुमचा देव एकच. तरीही कुंपण घालायची हौस त्या बाजूलाही आहे. मलेशियातल्या 'हेरल्ड' या कॅथलिक साप्ताहिकाने देवासाठी 'अल्लाह' हा शब्द वापरू नये असा निकाल तिथल्या कोर्ट ऑफ अपीलने २०१३ मध्ये दिला आणि २०१४ मध्ये वरच्या कोर्टानेही त्यात हात घातला नाही. अरबी बोलणारे ख्रिश्चन पिढ्यान्‌पिढ्या हाच शब्द वापरतात हे सगळ्यांना माहीत आहे. शब्दावरून काही सिद्ध होत नाही, ना इकडून ना तिकडून, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला एवढंच दिसतं की 'आमचा देव आमचा, तुम्ही त्याला हात लावू नका' ही भावना आधी येते आणि धर्मशास्त्र तिच्यामागून धापा टाकत येतं.

इथपर्यंत वाचून पहिली टोळी खूश झाली असेल. थांबा. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी अहरोनाने सोन्याचं वासरू केलं ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण निर्गमच्या बत्तिसाव्या अध्यायात अहरोन काय म्हणतो ते सहसा कुणी वाचत नाही. तो म्हणतो, उद्या परमेश्वराचा सण आहे. दुसऱ्या कुठल्या देवाचा नाही, त्याच परमेश्वराचा ज्याने मिसर देशातून बाहेर काढलं. पत्ता बरोबर होता आणि तरीही ते बायबलमधल्या मोठ्या पापांपैकी एक ठरलं. कुराणातही अगदी हेच आहे. मक्केच्या मूर्तिपूजकांना विचारा आकाश आणि पृथ्वी कुणी निर्माण केली, ते म्हणतील अल्लाहने (सूरा २९, आयत ६१). मग या बाकीच्यांची पूजा कशाला? तर यांनी आम्हाला अल्लाहच्या जवळ न्यावं म्हणून (सूरा ३९, आयत ३). म्हणजे त्यांचाही रोख शेवटी अल्लाहकडेच होता की! तरी ती उपासना फेटाळली गेली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू एका शोमरोनी बाईला (ज्यूंपासून वेगळं देवस्थान मानणाऱ्या शेजारच्या जमातीतल्या) म्हणतो, तुम्हाला माहीत नाही त्याची तुम्ही उपासना करता, आम्हाला माहीत आहे त्याची आम्ही करतो. शोमरोनी लोकांचा देव वेगळा असं तो म्हणत नाही, पण त्यांची उपासना ठीक आहे असंही म्हणत नाही.

तेव्हा दोन्ही परंपरांमध्ये 'कुणाची' आणि 'कशी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचं उत्तर बरोबर आलं म्हणून दुसऱ्यात आपोआप पास करायची पद्धत कुठेच नाही. 'देव एकच' म्हटलं की सगळे मार्ग सारखे हा निष्कर्ष या दोन धर्मांच्या आतून निघत नाही, तो बाहेरून आणून चिकटवलेला आहे. चिकटवायचा तर चिकटवा, पण मग ते तुमचं मत आहे एवढं तरी कबूल करा, येशूच्या आणि पैगंबरांच्या तोंडी घालू नका.

मग 'कशी' यात फरक काय? इथे सगळ्यात पॉप्युलर उत्तर असं की इस्लाममध्ये कायदा आणि ख्रिस्ती धर्मात प्रेम, तिकडे गुलाम इकडे लेकरं. हे उत्तर अर्धं खरं आणि म्हणून फार घातक. पौल गलतीकरांना लिहितो की तू आता दास नाहीस, पुत्र आहेस, हे खरं. पण तोच पौल रोमकरांच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत स्वतःला येशू ख्रिस्ताचा दास म्हणवतो, आणि मरिया देवदूताला काय उत्तर देते? मी प्रभूची दासी. उलट बाजूने कुराणातच (सूरा ५, आयत ५४) अशा लोकांचा उल्लेख आहे ज्यांच्यावर तो प्रेम करतो आणि जे त्याच्यावर प्रेम करतात. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या राबिया या सूफी संत बाईच्या नावावर जी प्रार्थना सांगितली जाते ती प्रसिद्धच आहे, की नरकाच्या भीतीने तुला भजत असेन तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या लोभाने भजत असेन तर स्वर्ग बंद कर. यात कायदा कुठे आहे? आणि देव दूर आहे म्हणावं तर सूरा ५०, आयत १६ म्हणते तो माणसाच्या गळ्याच्या शिरेहूनही जवळ आहे.

शरीरानेही फरक सांगता येत नाही. सजदा ही मुसलमानांची खूण असं आपण समजतो, पण कॉप्टिक, इथिओपियन, सिरियाक ख्रिस्ती आजही कपाळ जमिनीला टेकतात, कॉप्टिक चर्चमध्ये दिवसभरात ठरलेल्या सात वेळांच्या प्रार्थना आहेत. ३२५ च्या नायसियाच्या ख्रिस्ती बिशपांच्या परिषदेला तर विसावा नियम करून सांगावं लागलं की रविवारी तरी गुडघे टेकू नका, उभं राहून प्रार्थना करा. म्हणजे एरवी टेकत होतेच.

माझ्या मते खरा फरक दोन वाक्यं शेजारी ठेवली की दिसतो. बुखारीच्या हदीसमध्ये पैगंबर सांगतात, मला जशी नमाज पढताना पाहिलंत तशी पढा. आणि पौल रोमकरांना लिहितो (८:२६), प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तर आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. बस. सगळं यात आहे. इस्लाममध्ये देवाने माणसाला उपासना शिकवली आहे आणि माणूस ती करू शकतो. वुजू (नमाजेआधीचं हातपाय धुणं) कशी, तोंड कुठे, रकात (उभं राहणं, झुकणं, सजदा असं एक आवर्तन) किती, कधी झुकायचं, कधी बसायचं, सगळं दिलेलं आहे, आणि हे दिलेलं असणं ही मुसलमानाच्या दृष्टीने दया आहे, बेडी नव्हे, कारण अंधारात चाचपडायची वेळ येत नाही. पाच फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजांच्या मिळून दिवसाला सतरा रकाती होतात आणि प्रत्येक रकातीत कुराणाची पहिली सूरा अल-फातिहा, त्यात 'आम्ही तुझीच उपासना करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो'. मध्ये कुणी नाही. पुरोहित नाही, वेदी नाही, पापाची भरपाई करणारा कुणी नाही, इमाम पुढे उभा असतो पण तोही त्याच दिशेला तोंड करून. कुर्बानीबद्दलही सूरा २२, आयत ३७ सांगते की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा, मनातली देवाची जाणीव आणि धाक. माणूस बंदा, म्हणजे देवाचा दास, आहे आणि बंदा असणं हा कमीपणा नाही, सगळ्यात मोठा किताब आहे. कुराणात पाळण्यातला ईसा (येशू) बोलतो ते पहिलंच वाक्य, मी अल्लाहचा बंदा आहे.

ख्रिस्ती समज इथून उलट दिशेला जातो. माणूस स्वतःच्या बळावर देवाची योग्य उपासना करूच शकत नाही, पापाने त्याची ती ताकद मोडलेली आहे, हे त्यातलं पहिलं गृहीत. म्हणून खरी उपासना करणारा एकच, तो पुत्र. पित्याला पूर्ण आज्ञापालन, पूर्ण अर्पण त्याने दिलं, आणि बाकीचे सगळे त्याच्यात सामील होतात. इब्री लोकांस पत्रात येशू हा महायाजक आहे जो सतत विनंती करत असतो. प्रार्थना संपते ती 'आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या द्वारे' अशी, हे शेवटी म्हणायचं म्हणून म्हणत नाहीत, त्यावर सगळी प्रार्थना उभी असते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मिस्सामध्ये (त्यांच्या मुख्य उपासनेत) भाकर आणि द्राक्षरस देवाला द्यायचे असतात, पण परत मिळतो तो देवच. म्हणजे उपासनेत देव हा नुसता घेणारा नाही, तोच देणारा, तोच दिला जाणारा आणि एका अर्थाने तोच उपासकही. मुसलमान माणसाला हे ऐकून गरगरलं तर मला त्याचं नवल वाटत नाही. ल्यूथरचं ते वाक्य इथे आणून ठेवा: देव कोण हे त्यांना माहीत आहे, पण देवाचं मन आपल्याकडे कसं आहे हे माहीत नाही. ल्यूथरच्या मते देवाचं मन फक्त ख्रिस्तात दिसतं आणि त्याशिवाय केलेली उपासना ही मालक खूश आहे की नाराज हे माहीत नसताना केलेली चाकरी. यावर मुसलमानाचं उत्तरही तयार आहे आणि तेही कच्चं नाही. देवाचं मन? प्रत्येक नमाजेत सुरुवातीलाच त्याला रहमान आणि रहीम, म्हणजे दयाळू आणि कृपाळू, म्हणतो ना आम्ही. दया दाखवायला त्याला कुणाचा जीव का घ्यावा लागावा? राजा स्वतः दार उघडं ठेवून बसलाय, मग दारात वकील कशाला?

हा वाद खरा वाद आहे. आणि गंमत अशी की तो एका सामाईक नियमावर उभा आहे. चौथ्या शतकात एरियस नावाचा ख्रिस्ती पुरोहित म्हणाला की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, सगळ्यात श्रेष्ठ पण निर्मितच. त्याचा विरोधक बिशप अथानेसियसने त्यावर काय म्हटलं? पुत्र जर निर्मित असेल तर त्याची उपासना करणारे आपण सगळे मूर्तिपूजक ठरतो, कारण निर्मितीची उपासना करायची नसते. म्हणजे इस्लामचा जो आक्षेप आहे तो आक्षेप तत्त्व म्हणून ख्रिस्ती धर्माला इस्लामच्या तीनशे वर्षं आधीच मान्य होता. दोघंही म्हणतात उपासना फक्त निर्मात्याची. भांडण एवढंच की येशू रेषेच्या कुठल्या बाजूला. 'एवढंच' म्हटलं खरं मी, पण त्यावर सगळं अवलंबून आहे.

इथे एक आडवी गोष्ट सांगायचा मोह होतोय. लोक तुलना करताना येशूसमोर पैगंबरांना ठेवतात आणि तिथेच गल्लत होते, येशूसमोर ठेवायचं ते कुराण. ख्रिस्ती म्हणतात देवाचा शब्द माणूस झाला, मुसलमान म्हणतात देवाचा शब्द पठणात उतरला. म्हणून नमाजेत अरबीतच कुराण म्हणणं हे पाठांतर नव्हे, देवाच्या स्वतःच्या शब्दाला जिभेवर घेणं आहे, आणि ही जागा जवळपास तिथे येते जिथे ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजन येतं. आणि जशी ख्रिस्ती लोकांची पुत्र निर्मित की अनिर्मित यावर भांडणं झाली तशी मुसलमानांची कुराण निर्मित की अनिर्मित यावर झाली, ८३३ मध्ये खलिफा मामूनने त्यासाठी विद्वानांची चौकशी सुरू केली आणि अहमद इब्न हनबल यांनी तुरुंग आणि फटके सोसले पण कुराण निर्मित आहे असं म्हटलं नाही. निराकार, एकटा, कुणाशीही साम्य नसलेला देव माणसाच्या जगात येतो तो कसा, हा प्रश्न इस्लामलाही चुकवता आला नाही. 'मध्ये कुणी नाही' हेही वाटतं तितकं सरळ नाही, दर्ग्यावर जाऊन वलीच्या (संताच्या) मार्फत मागावं की नाही यावर मुसलमानांमध्येच किती जुनी भांडणं आहेत, आणि ख्रिस्ती बाजूला संतांना विनंती करावी की नाही यावर प्रोटेस्टंट आणि कॅथलिक पाचशे वर्षं भांडतायत. एखादा कडक प्रोटेस्टंट संतांच्या मूर्ती बघून जे बोलतो ते वहाबी (कडक सुधारणावादी मुस्लिम पंथाच्या) माणसाने दर्ग्याबद्दल काढलेल्या उद्गारांशी कधी कधी शब्दशः जुळतं.

आता राहिलं ते शांततेचं. पहिल्या टोळीला खरी भीती ही असते की 'उपासना वेगळी' म्हटलं तर मारामारीला निमित्त मिळेल, आणि भीती खोटी नाही, ते निमित्त वापरणारे असतातच. पण ६८० मध्ये करबलाच्या मैदानात लढणाऱ्या दोन्ही बाजू मुसलमानच, तीच नमाज पढत होत्या. १६१८ ते १६४८ युरोपात तीस वर्षं कत्तल चालली ती तेच त्रैक्य मानणाऱ्यांमध्ये. देव एक, ग्रंथ एक, प्रार्थना एक असून रक्त थांबलं नाही, मग 'देव एकच' हे वाक्य दोन धर्मांमध्ये शांततेची गॅरंटी कशी देणार? उलटं उदाहरणही आहे. इस्लामी परंपरेत सांगतात की अरबस्तानातल्या नजरानच्या ख्रिश्चनांचं शिष्टमंडळ मदिनेला आलं, येशूवरून जोरदार वाद झाला, कुणी कुणाचं ऐकलं नाही. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा पैगंबरांच्या मशिदीतच पूर्वेकडे तोंड करून त्यांनी प्रार्थना केली आणि पैगंबरांनी करू द्या म्हटलं. वाद मिटला नाही, करार झाला, ते परत गेले.

म्हणून एकत्र प्रार्थनेचे जे कार्यक्रम होतात, थोडं फातिहामधलं, थोडं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' मधलं, जिथे टोचेल तिथे कात्री, त्यांच्याबद्दल मला शंका आहे. त्यातून येशू काढला तर ख्रिस्ती माणूस काय करतोय? ठेवला तर मुसलमानाने काय करायचं? दोघांनाही आवंढा गिळायला लावून जे उरतं ते दोघांच्याही उपासनेत बसत नाही. २७ ऑक्टोबर १९८६ ला दुसऱ्या जॉन पॉलने असिसीला वेगवेगळ्या धर्मांचे लोक बोलावले तेव्हा वेगळी रीत ठेवली, प्रत्येकाने आपापल्या जागी आपापली प्रार्थना केली आणि नंतर सगळे एका चौकात जमले. कडव्या कॅथलिकांनी तेवढ्यावरूनही पोपला धारेवर धरलं. पण मला ती रीत आजवर सुचलेल्यांमध्ये सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण तिथे कुणाला आपलं वाक्य अर्धं सोडावं लागलं नाही, आणि शेजारचा दुसरं काही म्हणतोय हे लपवावंही लागलं नाही.